कोकणात सी-अर्चिन आणि क्रिनॉइडचे जीवाश्म: कुठे शोधायचे, कसे ओळखायचे?

पुळणवाट

नमस्कार मंडळी. गुहागर ते वेळणेश्वर या पट्ट्यात ओहोटीला फिरताना तीन वस्तू मिळाल्या आहेत. फोटो चढत नाहीयेत, म्हणून वर्णन देतो.

१) पांढरी चपटी चकती, व्यास साधारण ७० मिमी. वरच्या बाजूला पाच पाकळ्यांची नक्षी, एका कडेजवळ दोन लांबट फटी. हलकी आहे, नखाने पांढरी भुकटी निघते.

२) काळ्या दगडात बसलेली पांढरी चांदणी, १५ मिमी. मधल्या बिंदूपासून बारीक सुया चहूकडे गेल्या आहेत.

३) करळीचा सुटा पडलेला तुकडा. शिंपल्यांच्या चुऱ्यात दोन-तीन मिमी जाडीच्या काड्या अडकल्या आहेत, काड्यांवर उभ्या रेषा आहेत.

यातले जीवाश्म कोणते? कोकणात अर्चिन (गोल, काटेरी समुद्री प्राणी) आणि क्रिनॉइड (त्याच्याच नात्यातला, देठ असलेला समुद्री प्राणी) यांचे खरे जीवाश्म मिळतात का? नसतील तर सगळ्यात जवळची जागा कोणती, सोबत काय न्यावं, घरी आणून साफ कसं करावं? विकत घ्यायचे नाहीत, स्वतः शोधायचे आहेत. नववीतली पुतणीही सोबत असते, त्यामुळे धोक्याची रसायनं नकोत.

---

कातळखूण

आधी वाईट बातमी देतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. कोकणात कातळ फोडून अर्चिन मिळणार नाही. किनाऱ्याचा काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर ओतलेला लाव्हा. त्यात समुद्री प्राणी येणार कुठून? सड्यावरचा जांभा हा दगड कुजून झालेला, त्यातही काही टिकत नाही. रत्नागिरीकडे जांभ्याखाली विहिरी खणताना चिकणमाती आणि लिग्नाइट लागतं, त्यात झाडांचे अवशेष असतात, अर्चिन नाहीत. खाली सिंधुदुर्गात बेसॉल्ट संपून जे जुने खडक उघडे पडतात, ते तर अर्चिन आणि क्रिनॉइड पृथ्वीवर यायच्याही फार आधीचे.

राहता राहिली करळ. किनाऱ्यावरची वाळू आणि शिंपले चुन्याने चिकटून झालेला हा दगड. भूशास्त्राच्या हिशेबात तो अगदी ताजा, आणि त्यातले प्राणी आजही याच समुद्रात आहेत.

आता तुमच्या वस्तू.

पहिली चकती म्हणजे सँड डॉलर, म्हणजे चपटा अर्चिनच, नाव इकायनोडिस्कस. दोन फटी ही त्याची खूणच. फटी कडेपर्यंत उघड्या आहेत की चारही बाजूंनी बंद, ते बघा, त्यावरून जात ठरते. चकती आजची आहे, जीवाश्म नाही. पण टाकू नका. भिंगाखाली मधोमध बघा: पाकळ्या जिथे मिळतात तिथे चार बारीक छिद्रं दिसतील, ती जननछिद्रं. प्रत्येक पाकळीच्या दोन्ही कडांना छिद्रांच्या जोड्या ओळीने आहेत, श्वसनाचे नळीपाय त्यांतून बाहेर येतात. उलटी केलीत की मधोमध तोंड, आणि मागच्या दोन फटींच्या मध्ये कडेजवळ गुदद्वार. जीवाश्म अर्चिन ओळखताना हेच सगळं शोधायचं असतं, फक्त तेव्हा ते झिजलेलं आणि मातीने भरलेलं असतं.

दुसरी चांदणी बहुधा झिओलाइट, म्हणजे खनिज. बेसॉल्टच्या पोकळ्यांत स्कोलेसाइटसारखी खनिजं अशीच एका बिंदूपासून सुया फुटल्यागत वाढतात. अर्चिन असतं तर पाच भाग मोजता आले असते. इथे सुया मोजता येत नाहीत आणि कुठलीच जागा रिकामी नाही.

तिसऱ्यातल्या काड्या अर्चिनचे काटे असू शकतात. एक काडी मोडून मोडलेली बाजू बघा आणि काय दिसतं ते इथे लिहा. दोन नंबरच्या चांदणीवरही चाकूचं टोक फिरवून आणि व्हिनेगरचा थेंब टाकून बघा.

---

सुकती

फसवणाऱ्या आणखी दोन गोष्टी.

एक, कातळावर उरलेले पांढरे गोल ठसे, ज्यात मधून कडेकडे रेघा जातात. बार्नॅकल गळून गेल्यावर त्याचा तळ असा राहतो. लोक हमखास ‘क्रिनॉइडचा शिक्का’ समजून छिन्नी घेतात.

दुसरी, प्रवाळाचे वाहून आलेले तुकडे. त्यावर चांदण्यांची दाटी असते, पण भिंगाखाली पडदे मोजलेत तर सहाच्या पटीत निघतात. अर्चिन, तारामासा, क्रिनॉइड ही मंडळी पाचाच्या हिशेबाची. आणि प्रवाळ असेल तर तिथेच ठेवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली प्रवाळ, समुद्री पंखे आणि समुद्री काकड्या संरक्षित आहेत, मेलेला तुकडा घरी नेला तरी अडचण होऊ शकते. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तिथून शंखही उचलायचा नाही. करळ जागेवर फोडणंही सोडा. किनारा नियमन क्षेत्रात दगड काढायला बंदी आहे, शिवाय तो थर लाटा अडवतो. सुटा पडलेला तुकडा बघायला हरकत नाही.

वेळेचं म्हणाल तर आपला जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. द्वितीयेला दीड वाजता भरती, त्यात सव्वासहा तास मिळवले की पावणेआठला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. तृतीयेला साडेआठ. अमावस्या किंवा पौर्णिमेनंतरच्या या दोन-तीन दिवसांत उधाणाचं पाणी सगळ्यात लांब जातं आणि सुकती सकाळच्या उजेडात येते. त्याआधी तासभर पोचायचं आणि पाणी फिरलं की अर्ध्या तासात खडपावरून मागे यायचं. षष्ठी-सप्तमीपासून भांग लागतो, म्हणजे पाणी फार लांब जात नाही, तेव्हा हाती काही लागत नाही. हिशेब अंदाजाचा आहे, उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे थोडा फरक पडतो, त्यामुळे भरतीचं छापील कोष्टकही बघा.

सँड डॉलर पुळणीवर मिळतात, खडपात नाही. जांभळट-तपकिरी आणि अंगावर मखमलीसारखे बारीक काटे असलेला दिसला तर जिवंत आहे, ओल्या वाळूत परत ठेवा. रापणीच्या जाळ्यातही येतात, तेही पाण्यात परत. फक्त पांढरी, बिनकाट्याची घ्यायची. खडपाच्या खळग्यांत काळे लांब काट्यांचे अर्चिन असतात, त्यांच्या आसपासच्या वाळूत सुटे काटे आणि गोल कवचाचे तुकडे सापडतात. काड्यांशी तुलना करायला तेवढं पुरे.

---

पुळणवाट

दोघांचे आभार. सांगितलं तसं करून बघितलं.

चांदणी: चाकूने जेमतेम ओरखडा उठतो, व्हिनेगरने काही होत नाही. काडी: मोडलेली बाजू काचेसारखी गुळगुळीत आणि थोडी वाकडी आहे, कडेला स्पंजसारखी बारीक छिद्रं. व्हिनेगरने हळूहळू बुडबुडे येतात.

---

कातळखूण

मग दोन्हींचा निकाल लागला.

चांदणी झिओलाइट. कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज, असतं तर चाकूने सहज कापलं गेलं असतं आणि फेस आला असता. मात्र उलटा निष्कर्ष काढू नका: बेसॉल्टच्या पोकळ्यांत कॅल्साइटही भरतं आणि तेही फसफसतं. फेस आला म्हणजे जीवाश्म, असं होत नाही.

काडी अर्चिनचा काटाच, पण आजचा किंवा फार तर करळीइतकाच जुना. ही खूण नीट लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे उपयोगी पडेल. अर्चिन आणि क्रिनॉइडच्या सांगाड्याचा प्रत्येक तुकडा, मग ती कवचाची पाटी असो, काटा असो की क्रिनॉइडच्या देठाची चकती, कॅल्साइटचा एकच स्फटिक असतो. जिवंतपणी त्यात जाळीदार पोकळ्या असतात, म्हणून मोडला तर तुमच्या काडीसारखा वाकडा, काचेसारखा मोडतो. जमिनीत गाडला गेला की त्या पोकळ्यांत त्याच दिशेने नवं कॅल्साइट भरतं आणि तुकडा भरीव होतो. मग तो मोडला की सपाट, तिरकी, खडीसाखरेच्या खड्यासारखी चकाकणारी बाजू निघते. चुनखडकाचा ताजा तुकडा उन्हात हळूहळू फिरवा. एका ठरावीक कोनात अख्खी पाटी एकदम चमकून जाते आणि शेजारचा शिंपला तसाच मंद राहतो. शेतात उभं राहून पाच सेकंदांत कळतं.

एवढ्यासाठीच म्हणतो, गुहागरच्या पुळणीवर चार-सहा महिने आजचे सांगाडे नीट बघा. बाहेरगावी खर्च करून गेल्यावर समोरचा तुकडा काटा आहे की देठ, हे तिथे शिकत बसायला नको.

---

चुनखडी

आता कुठे जायचं ते. कोकणातून सोयीच्या क्रमाने लिहितो.

द्वारका. एर्नाकुलम-ओखा गाडी रत्नागिरीला थांबते आणि थेट द्वारकेला जाते. तिथल्या किनाऱ्याचे पिवळट चुनखडक मायोसीन काळातले आहेत. कच्छ आणि काठेवाडच्या अर्चिनवर डंकन आणि स्लेडन यांनी १८८३ मध्ये सविस्तर काम छापलं, नावं पडताळायला ते अजून लागतं. तुमच्या चकतीशी नातं सांगणारे, पाकळ्यांचे अर्चिन इथे बघायला मिळतात, म्हणून नवख्याला ही जागा बरी. ओख्यापासून आत आखातात मात्र मरीन नॅशनल पार्क आहे, तिथे हात लावायचा नाही. देवळाच्या परिसरात आणि सुरक्षा दलाच्या हद्दीजवळ हातोडा घेऊन फिरू नये, हे सांगायला नको.

बाघ, मध्य प्रदेश. माझ्या मते अर्चिनसाठी सगळ्यात चांगली जागा हीच. वडोदऱ्यापर्यंत कोकणच्या गाड्या आहेत, पुढे छोटा उदेपूर, आलिराजपूर, कुक्षी करत धार जिल्ह्यातल्या बाघला. नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र आत घुसला होता त्याचे हे थर, साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वीचे. गंमत म्हणजे यांच्या डोक्यावर आपलाच बेसॉल्ट बसलेला आहे. खालून वर जाताना आधी निमार वालुकाश्म लागतो, मग गाठीदार चुनखडक, त्यावर देवला-चिराखान मार्ल (चुना मिसळलेल्या चिकणमातीचा मऊ खडक) आणि वर ‘कोरलाइन’ चुनखडक. हा शेवटचा लालसर-पिवळा, नाव प्रवाळाचं असलं तरी बहुतेक ब्रायोझोआच्या, म्हणजे वसाहतीने राहणाऱ्या बारीक समुद्री प्राण्यांच्या, काड्यांनी भरलेला. अर्चिन गाठीदार चुनखडकात आणि मार्लमध्ये शोधा. हेमिअस्टर हा हृदयाच्या आकाराचा प्रकार जास्त भेटतो, साधारण दोन ते चार सेंमी. पाकळ्यांभोवती एक बारीक गुळगुळीत पट्टा फिरलेला असतो, तो दिसला की खात्री. बाघचं डायनासोर राष्ट्रीय उद्यान २०११ मध्ये जाहीर झालं, त्याच्या हद्दीतून काहीही उचलायचं नाही. बाहेर शेतं आहेत, मालकाला विचारून जा, आणि पीक उभं असताना जाऊच नका.

कच्छ. नागरकोइल-गांधीधाम गाडीने गांधीधाम, तिथून भूज. क्रिनॉइड पाहिजे असतील तर इकडेच. जुमारा, झुरा, कीरा या घुमटाकार टेकड्यांत जुरासिक थर उघडे आहेत. अख्खं क्रिनॉइड मिळेल ही आशा सोडा. मेलेलं क्रिनॉइड काही दिवसांत सांध्यासांध्यांतून सुटतं, आणि हाती येतात देठाच्या चकत्या, दोन ते आठ मिमीच्या. आयसोक्रिनस गटातल्या पंचकोनी किंवा सरळ चांदणीच्या आकाराच्या, इतर काही गोल. चकतीच्या मधोमध भोक आणि तोंडावर बारीक दातेरी खाचा असतात, त्या खाचांवरून गट ठरतो. तोंड घासलं गेलं असेल तर नाव देण्याच्या भरीस पडू नका. पश्चिम कच्छमध्ये लखपतच्या बाजूला इओसीन काळातला फुलरा चुनखडक आहे, त्यात नाण्यासारख्या न्युम्युलाइट्सची (एकपेशी जीवांच्या कवचांची) रास आणि अधूनमधून अर्चिन. सीमेजवळच्या भागात आधी पोलिसांना विचारा.

अरियालूर, तमिळनाडू. लांब आहे, पण एकदा जाण्यासारखं. स्टोलिच्काने १८७३ मध्ये इथल्या एकायनोडर्मचं (अर्चिन, तारामासा, क्रिनॉइड यांच्या गटाचं) वर्णन छापलं होतं. कल्लनकुरिचीच्या चुनखडकात स्टिग्माटोपायगस नावाचा उंच पाठीचा अर्चिन येतो. खडक सिमेंटच्या खाणींत उघडा पडलाय, त्यामुळे लेखी परवानगीशिवाय फाटकाच्या आत सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

कुठेही गेलात तरी राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक किंवा संरक्षित उद्यान म्हणून फलक असेल तिथे फक्त फोटो. थरात घट्ट बसलेला, अख्खा, काटे जागेवर असलेला अर्चिन दिसला तर तो काढू नका. फोटो आणि अक्षांश-रेखांश घेऊन पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किंवा जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात कळवा. काटे जागेवर असणं म्हणजे प्राणी जिवंत किंवा नुकता मेलेला असताना गाडला गेला. ती माहिती थरात असते, हातात आलेल्या दगडात उरत नाही.

---

छिन्नीवाला

प्रत्यक्ष कामाचं मी लिहितो.

पिशवीत: पाचशे ते सातशे ग्रॅमचा हातोडा, १२ मिमीची छिन्नी, गॉगल, दहापट भिंग, जुना टूथब्रश, चेनच्या प्लास्टिक पिशव्या, पाण्याने न पुसणारा मार्कर, वर्तमानपत्र, मोजायला वर्निअर. पुतणीसाठी गुडघ्याला बांधायचं फोम. शेवटचं सगळ्यात कामाचं, कारण अर्चिन उभ्याने सापडत नाहीत. मार्लच्या उतारावर गुडघ्यांवर बसून, तोंड उताराकडे करून, एका हाताच्या अंतरातली जमीन नीट बघायची आणि मग पुढे सरकायचं. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर, ऊन तिरकं असताना पाकळ्यांच्या खाचांत सावली पडते. भर दुपारी तोच दगड सपाट दिसतो. पावसाने नुकत्याच धुतलेल्या घळी पहिल्यांदा बघा, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर.

नव्वद टक्के वेळा हातोड्याची गरजच नसते. लागली तर अर्चिनच्या जवळ घाव घालायचा नाही. कॅल्साइट सपाट पृष्ठांवर फुटतं, त्यामुळे धक्का लागला की पाटी सालपटासारखी उडते आणि नक्षी दगडाला चिकटून राहते. तीन-चार सेंमी दगड सोडून चारी बाजूंनी चर पाडा, ढेकूळ उचला, बाकीचं घरी. उचलायच्या आधी वरच्या बाजूवर मार्करने बाण काढा, प्राणी उलटा गाडला होता की सुलटा ते नंतर सांगता येत नाही.

साफ करताना पहिला नियम: व्हिनेगर, लिंबू, टॉयलेटचं ॲसिड, काहीच नाही. जीवाश्म आणि खडक दोन्ही कॅल्साइटचे. ॲसिड आधी बारीक दाणे आणि छिद्रं खातं, मग खडक. वस्तू पांढरी स्वच्छ दिसते आणि ओळखायला काही उरत नाही.

क्रिनॉइडच्या चकत्या मातीत असतील तर असं करा. एक किलो मार्ल उन्हात दोन-तीन दिवस पूर्ण कोरडा करा. मग तीन लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवून त्यात ती ढेकळं सोडा आणि रात्रभर ठेवा. कोरड्या ढेकळाच्या छिद्रांत पाणी झपकन शिरतं आणि ते आतून फुटतं. ओलं ढेकूळ टाकलंत तर आठवडाभर तसंच बसेल. इथेच बहुतेकांचं चुकतं, आणि मग दोष सोड्याला. सकाळी हाताने चोळायचं नाही, बादली नुसती हलवायची आणि चहाच्या गाळणीतून हलक्या धारेने गाळायचं. गाळणीखाली जुनी नायलॉनची ओढणी धरलीत तर बारीक काटेही राहतात. गाळ मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो, परसात ओता. उरलेलं वर्तमानपत्रावर सुकवून भिंगाखाली सुईने निवडा. नाही फुटलं तर पुन्हा पूर्ण सुकवून तोच प्रकार.

अर्चिनच्या पाठीवरची माती: कोमट पाणी, टूथब्रश, आणि खाचांत शिवणाची सुई. सुई पाकळीच्या दिशेने ओढा, आडवी नाही. आडवी ओढली की छिद्रांच्या जोड्यांमधले बारीक कठडे तुटतात. परदेशातले लोक पोटॅशिअम हायड्रॉक्साइडचे खडे ठेवून मार्ल सोडवतात. ते कातडी जाळतं, डोळा घालवू शकतं, आणि नंतर आठवडेच्या आठवडे धुवावं लागतं. घरात मूल असताना तो विषय बंद.

भेगा गेल्या असतील तर फेविकॉल एकास एक पाणी घालून ब्रशने लावा, मजबूत होतं.

---

कातळखूण

बाकी सगळं पटलं, फेविकॉलचं नाही. कोकणच्या पावसाळ्यात तो थर ओल धरून मऊ आणि पांढरट होतो, धूळ चिकटते, आणि काढायला गेलं तर पाटीचा पापुद्रा सोबत येतो. पॅरालॉइड बी-७२ वापरा, ही ॲक्रिलिक राळ खड्यांच्या रूपात मिळते. पाच ग्रॅम खडे पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून शंभर मिली ॲसिटोनमध्ये लटकवा, रात्रभरात विरघळतात. तळाशी टाकले तर गोळा होऊन बसतात. बाटली काचेची घ्या, आणि पेला किंवा ट्रे थर्माकोलचा नको, ॲसिटोनमध्ये वितळतो. जोडायला हेच द्रावण उघडं ठेवून मधासारखं दाट होऊ द्या. पुन्हा ॲसिटोन लावलं की सुटतं, हा मुख्य फायदा.

दोन गोष्टी सांभाळा. ॲसिटोन पेट घेतो, स्वयंपाकघरात नाही, देवघराजवळ तर नाहीच, आणि हे काम पुतणीच्या हातात देऊ नका. दुसरं म्हणजे जून ते सप्टेंबर हे काम करूच नका. ॲसिटोन उडताना दगड गार पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर धरते आणि पांढरा धूसर थर बसतो. दिवाळीनंतर, दुपारी, कोरड्या हवेत करा.

---

छिन्नीवाला

मान्य. घाटावर फेविकॉल चालून जातो, किनाऱ्यावर नाही. दगड आतून ओला असताना पॅरालॉइड लावलं तरी तोच पांढरा थर येतो, म्हणून आधी दोन दिवस सुकवा.

---

सुकती

ठेवण्याबद्दल कोणी बोललं नाही.

द्वारकेहून आणलेला आणि पुळणीवरून उचललेला कुठलाही तुकडा आधी गोड्या पाण्यात. पाणी रोज बदलायचं, किमान आठवडाभर. एक थेंब काचेवर सुकवून बघा, पांढरी कडा राहिली तर मीठ अजून आहे. मीठ आत राहिलं तर पावसाळ्यात पाणी ओढतं, ऑक्टोबरच्या उन्हात स्फटिक होतं आणि दरवर्षी एकेक पापुद्रा उडवतं. पुळणीवरच्या सँड डॉलरला वास येत असेल तर घरगुती ब्लीच एक भाग, पाणी दहा भाग, दहा-पंधरा मिनिटं, मग पुन्हा साधं पाणी. रात्रभर ठेवलंत तर पाट्या जोडणारं सगळं खाऊन टाकतं आणि सकाळी तळाशी सुटे तुकडे मिळतात. सुकवायचं सावलीत.

मग प्लायवूडच्या कपाटात ठेवू नका. प्लाय, त्याचा गोंद आणि काही लाकडं आंबट वाफ सोडतात. दमट हवेत ती चुन्याच्या वस्तूंवर बसून पांढरी लव उगवते. लोक बुरशी समजून पुसतात. ती बुरशी नसते, कवचच विरघळून वर आलेलं असतं. झाकण घट्ट बसणारे पॉलिप्रॉपिलीनचे डबे, तळाला फोमचा तुकडा, कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी. निळी जेल गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर निळी करून परत ठेवायची. तो तवा परत भाकरीला वापरायचा नाही.

---

पुळणवाट

हे सगळं उतरवून घेतोय. सुरुवात बाघपासून करायचा विचार आहे, पुतणीच्या दिवाळीच्या सुट्टीत. एकच शंका: चिठ्ठीवर काय काय लिहायचं? आणि नाव माहीत नसेल तर?

---

चुनखडी

नाव नसलं तरी चालतं, जागा नसली तर चालत नाही. चिठ्ठी जागेवरच लिहायची, रात्री लॉजवर नाही. पेन्सिलने, कारण शाई ओल्या मातीने पसरते. एक चिठ्ठी पिशवीच्या आत, तोच क्रमांक पिशवीवर मार्करने, तोच वहीत.

हे इतकं असावं: क्रमांक, तारीख, गाव, तालुका, जिल्हा, फोनवरून अक्षांश-रेखांश, दशांशात पाच अंकांपर्यंत, खडकाचा रंग आणि प्रकार, उदाहरणार्थ ‘पिवळट मार्ल, वर गाठीदार थर नाही’, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुकडा थरात होता की उतारावर सुटा पडलेला. सुटा असेल तर तो वरच्या कुठल्याही थरातून घरंगळलेला असू शकतो, त्यामुळे त्याच्यावरून थराचं वय सांगायचं नाही. शेवटी लांबी, रुंदी, उंची मिमीमध्ये.

नावाच्या जागी जे दिसतं तेच लिहा: ‘हृदयाकृती, पाकळ्या खोलगट, गुदद्वार मागच्या उभ्या बाजूला, मधली छिद्रं चार’. एवढ्यावरून जाणकार वंशापर्यंत पोचतो. ‘हेमिअस्टर असावा’ एवढंच लिहिलंत तर नंतर तुम्हालाही आठवणार नाही की असावा का.

जाण्याआधी तुमच्या सँड डॉलरची अशी एक चिठ्ठी लिहून इथे टाका, चूक असेल तर आत्ताच सांगता येईल.

---

पुळणवाट

हा घ्या प्रयत्न. ‘क्र. १. वेळणेश्वर, ता. गुहागर, जि. रत्नागिरी. पुळण, भरतीरेषेवर सुटा. आजचा, जीवाश्म नाही. चपटा, पाकळ्या पाच, फटी दोन, दोन्ही कडेपर्यंत उघड्या. मधली छिद्रं चार. तोंड खाली मधोमध, गुदद्वार खाली, फटींच्या मध्ये. लांबी ६८, रुंदी ७१, उंची ७ मिमी.’

---

चुनखडी

तारीख आणि अक्षांश-रेखांश राहिले. बाकी चोख.